कुलूपवाल्याचा मुलगा : जॉर्ज सायमन ओहम

फर्स्ट इयरला बेसिक इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये सुरुवातीलाच कोणतं प्रॅक्टिकल असतं हे मेकॅनिकलवाल्यापासून कॉम्प्युटरवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. एक ऱ्हिओस्टॅट, एक व्होल्टमीटर, एक अँमीटर आणि जर्नलमध्ये एक सरळ रेष. व्हायव्हाला ओहमचा नियम विचारतात, आपण सांगतो, पुढचा रोल नंबर येतो. संपला ओहम!

इंग्लिश मीडियमच्या पुस्तकात आम्हाला हा माणूस एका चौकटीत भेटला होता. जन्म, मृत्यू, दाढी नसलेला एक फोटो, बस्स. मराठी मीडियमच्या मित्रांच्या पुस्तकातही फार काही वेगळं नव्हतं. पण ज्याच्या नावावर आपण चार वर्षं गणितं सोडवतो, तो माणूस बहुतेक आयुष्यभर एक साधा शाळामास्तर होता, आणि आज सातवीच्या मुलालाही सोपा वाटणारा नियम छापल्यावर त्याला नोकरी सोडून बसावं लागलं, हे किती जणांना माहीत आहे? म्हणून या अंकात ओहमची गोष्ट सांगायची आहे.

जॉर्ज सायमन ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ चा, एर्लांगेन या गावातला. हे गाव आज जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात येतं. वडील योहान वोल्फगांग कुलुपं बनवायचे. आई मारिया एलिझाबेथ ही एका शिंप्याची मुलगी. घरात सात मुलं झाली, पण त्यातली तीनच जगली: जॉर्ज, त्याचा धाकटा भाऊ मार्टिन आणि एक बहीण. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई वारली.

वडिलांचं शिक्षण म्हणावं तर काहीच नाही. पण हा कुलूपवाला स्वतःच पुस्तकं वाचून गणित, भौतिकशास्त्र, रसायन, अगदी तत्त्वज्ञानसुद्धा शिकला होता, आणि तेच तो संध्याकाळी दोन्ही पोरांना शिकवायचा. असे वडील आपल्याकडेही आहेत. धाराशिवला लेथवर उभं राहणारे, कळंबला गॅरेज चालवणारे, उमरग्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान असणारे. त्यांना डिग्री नसते, पण हातात आलेल्या वस्तूचं पोट उघडून बघायची सवय असते. ओहमला पुढे आयुष्यभर उपयोगी पडली ती हीच सवय. तार कशी ओढायची, धातू कसा कापायचा, बारीक यंत्र कसं जुळवायचं हे तो कुठल्याही युनिव्हर्सिटीत शिकला नाही, ते त्याने घरीच पाहिलं होतं.

अकराव्या ते पंधराव्या वर्षापर्यंत तो गावच्या शाळेत गेला. तिथलं शिक्षण म्हणजे सगळं पाठांतर. घरी वडील जे शिकवत त्याच्यापुढे शाळा फिकी होती. लांग्सडोर्फ नावाच्या एका प्राध्यापकांनी या दोन भावांची हुशारी पाहिली आणि त्यांची तुलना थेट बर्नुली घराण्यातल्या गणिती भावांशी केली. पुढे मार्टिन खरोखरच गणिताचा प्राध्यापक झाला.

१८०५ मध्ये ओहमने एर्लांगेन युनिव्हर्सिटीत प्रवेश घेतला, आणि मग काय, गाडी रुळावरून घसरली! नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स, यातच दिवस जायला लागले. हॉस्टेलवाल्यांनो, हे वाचून बरं वाटलं ना? पण वडिलांना बरं वाटलं नाही. आपल्याला जी संधी मिळाली नाही ती पोरगा वाया घालवतोय, हे त्यांना सहन होईना. तीन सेमिस्टरनंतर त्यांनी ओहमला कॉलेजातून काढलं आणि सप्टेंबर १८०६ मध्ये स्वित्झर्लंडला एका शाळेत गणित शिकवायला पाठवलं. म्हणजे सतराव्या वर्षी हा मुलगा विद्यार्थ्याचा मास्तर झाला.

इथून खरा ओहम सुरू होतो. त्याला पुन्हा युनिव्हर्सिटीत जायचं होतं. लांग्सडोर्फ सरांनी सल्ला दिला की क्लासच्या मागे लागू नकोस, ऑयलर, लाप्लास यांची पुस्तकं स्वतः वाच. ओहमने तेच केलं. दिवसा शिकवायचं, बाकीच्या वेळात वाचायचं. १८११ मध्ये तो एर्लांगेनला परत आला आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला त्याला डॉक्टरेट मिळाली. मधली पाच वर्षं ना प्राध्यापक, ना लेक्चर, ना नोट्स! इयर ड्रॉप झालं म्हणून आयुष्य संपलं असं आपल्याकडे कोणी म्हणायला लागलं तर त्याला ही तारीख सांगावी.

डॉक्टरेट मिळाली पण पोट भरेना. युनिव्हर्सिटीत तीन सेमिस्टर शिकवून त्याने ते सोडलं, कारण तिथे पुढे जायला वाव दिसत नव्हता. १८१३ च्या सुरुवातीला बांबेर्ग इथे एका साध्या शाळेत नोकरी घेतली. तीन वर्षांनी ती शाळाच बंद पडली! मग त्याला दुसऱ्या एका गर्दीच्या शाळेत गणित शिकवायला टाकलं. या सगळ्या कटकटीत त्याने भूमिती कशी शिकवावी यावर एक पुस्तक लिहिलं, १८१७ मध्ये ते छापलं आणि प्रशियाच्या राजाला पाठवून दिलं. हे पुस्तक कामी आलं. सप्टेंबर १८१७ मध्ये त्याला कोलोन शहरातल्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची जागा मिळाली. पगार बरा, आणि मुख्य म्हणजे शाळेला चांगली प्रयोगशाळा होती.

आता त्या वेळची परिस्थिती बघा. व्होल्टाने आपली पाईल, म्हणजे पहिली बॅटरी, १८०० मध्ये जाहीर केली होती. तारेतून वीज गेली की शेजारची होकायंत्राची सुई हलते हे अर्स्टेडने १८२० मध्ये दाखवलं होतं. बस, एवढंच! व्होल्ट नाही, अँपिअर नाही, मल्टीमीटर तर नाहीच नाही. बाजारात एकसारख्या जाडीची तारही सहज मिळायची नाही. वीज जास्त किंवा कमी म्हणजे नक्की काय कमी-जास्त, याबद्दलच गोंधळ होता. आपण आज लॅबमध्ये दोन मीटर बघून भागाकार करतो. ओहमकडे ते दोन मीटरच नव्हते. ज्या राशींचा भागाकार करायचा, त्या राशी कोणत्या हेच त्याला आधी ठरवायचं होतं.

त्याने प्रश्न साधा घेतला. तार जसजशी लांब करावी तसतसा सुईवरचा परिणाम कमी का होतो आणि किती कमी होतो? १८२५ मध्ये त्याने पहिला पेपर छापला. त्यात त्याने लॉगरिदमचं एक सूत्र दिलं होतं. ते सूत्र चुकीचं होतं! कारण त्याची बॅटरी. त्या काळची बॅटरी चालू केली की तिचा जोर पडत जायचा. म्हणजे दुसऱ्या तारेचं रीडिंग घेईपर्यंत बॅटरी पहिल्यासारखी राहायचीच नाही. मोबाईल पाच टक्क्यांवर असताना त्यावर कसलीही टेस्ट घ्यावी तसंच हे.

पोगेनडोर्फ नावाच्या संपादकाने त्याला सुचवलं की बॅटरी सोड, थर्मोकपल वापर. दोन वेगळ्या धातूंचे जोड वेगवेगळ्या तापमानाला ठेवले की वीज वाहते हे झेबेकने १८२१ मध्ये शोधलं होतं. ओहमने बिस्मथ आणि तांब्याचं थर्मोकपल केलं. एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा वितळत्या बर्फात. पाणी उकळतंय तोपर्यंत आणि बर्फ वितळतोय तोपर्यंत तापमान हलत नाही, म्हणून व्होल्टेजही हलत नाही. किती साधी, किती पक्की युक्ती! मग सर्किटच्या वर एक चुंबकसुई टांगली. वीज गेली की सुई फिरणार, तिला परत जागेवर आणायला वरचा दोरा किती पीळ द्यावा लागतो ते मोजायचं. जेवढा पीळ तेवढा करंट. झाला अँमीटर तयार.

जानेवारी १८२६ मध्ये त्याने एकाच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या. लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच, अर्थात तिकडच्या जुन्या मापातले इंच. पहिल्या दिवसाची रीडिंग अशी होती: ३२६¾, ३००¾, २७७¾, २३८¼, १९०¾, १३४½, ८३¼ आणि ४८½. यातून त्याला सूत्र सापडलं. तारेच्या लांबीत २०¼ मिळवायचे आणि त्याने ७२८५ ला भागायचं, की सुईचं रीडिंग मिळतं. कॅल्क्युलेटर काढा आणि करून बघा. २ इंचाला येतात ३२७.४, १३० इंचाला येतात ४८.५. जवळजवळ तंतोतंत!

आता हे २०¼ कुठून आले? तार सोडून सर्किटमध्ये बाकी जे काही आहे, म्हणजे बिस्मथची पट्टी आणि सगळे जोड, त्यांचा मिळून रेझिस्टन्स त्या तारेच्या २०¼ इंचांइतका होता. आज आपण त्याला इंटर्नल रेझिस्टन्स म्हणतो. आणि ७२८५ म्हणजे थर्मोकपलचा जोर, आपल्या भाषेत ईएमएफ. हे खरं आहे का, हेही त्याने तपासलं. उकळतं पाणी काढून तो जोड खोलीच्या तापमानाला ठेवला. तापमानातला फरक कमी झाला तसा वरचा आकडा उतरला, पण खालचा २०¼ जागचा हलला नाही. म्हणजे जोर वेगळा आणि अडथळा वेगळा. या दोन गोष्टी पहिल्यांदा कोणीतरी मोजमाप करून एकमेकींपासून सोडवल्या. ओहमचा नियम म्हणजे हे सोडवणं. नुसतं व्ही बरोबर आय गुणिले आर नाही.

एक गोष्ट मला या आकड्यांत सगळ्यात जास्त आवडली. ६६ इंचांच्या तारेला सूत्राप्रमाणे ८४½ यायला हवेत. ओहमने छापले आहेत ८३¼. १० इंचांचं रीडिंगही असंच सूत्रापासून थोडं बाहेर राहतं, बाकीची सूत्राला चिकटून बसतात. त्याला १¼ सहज वाढवता आला असता, कोणाला कळलंही नसतं. आदल्या वर्षी चुकीचं सूत्र छापून बसलेल्या माणसाला तर रीडिंग सुंदर दिसावीत असं वाटण्याचं जास्तच कारण होतं. पण त्याने सुईने जे दाखवलं ते लिहिलं. म्हणून जवळपास दोनशे वर्षांनी आपण धाराशिव जिल्ह्यातल्या एका हॉस्टेलच्या रूममध्ये बसून त्याचे आकडे तपासू शकतो. आधी सरळ रेष काढून मग तिच्यावर टिंबं बसवली असती तर तपासायला उरलं काय असतं?

१८२६ च्या ऑगस्टपासून त्याला एक वर्षाची रजा मिळाली, अर्ध्या पगारावर. तो बर्लिनला भावाकडे गेला आणि १८२७ मध्ये त्याचं पुस्तक निघालं, गॅल्व्हॅनिक सर्किटचं गणित मांडणारं. फूरिएने उष्णता वाहण्याचं जे गणित केलं होतं, त्याच धर्तीवर ओहमने विजेचं गणित बसवलं. त्याला वाटलं, आता तरी युनिव्हर्सिटीत जागा मिळेल.

झालं उलटंच. त्या वेळी जर्मनीत बऱ्याच जणांना वाटायचं की निसर्गाचं सत्य विचार करून सापडतं, असे आकडे मोजत बसून नाही. दुसरीकडे जे प्रयोग करायचे त्यांना ओहमचं गणित झेपायचं नाही. पोल नावाच्या एका प्राध्यापकांनी पुस्तकावर कडक टीका केली. शिक्षण खात्यातही ओहमच्या बाजूने कोणी उभं राहिलं नाही. अपमान झाल्यासारखं वाटून त्याने मार्च १८२८ मध्ये कोलोनची नोकरी सोडली. वय एकोणचाळीस. पुढची पाच वर्षं बर्लिनमध्ये किरकोळ शिकवण्यांवर काढली. कल्पना करा, नियम सापडलाय, छापलाय, बरोबर आहे, आणि महिन्याच्या शेवटी हातात काही नाही. त्याने लग्न केलं नाही, शेवटपर्यंत एकटाच राहिला.

१८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला प्राध्यापकाची जागा मिळाली. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेल्या मित्रांनी नोंद घ्यावी, ओहम सर पॉलिटेक्निकचे होते! हळूहळू बाहेरचे लोक त्याचं काम वापरायला लागले. जर्मनीत फेखनरने प्रयोग करून नियम तपासला, फ्रान्समध्ये पुइए त्याच निष्कर्षावर आला. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोपली मेडल दिलं, तो त्या संस्थेचा सर्वोच्च मान. परदेशाने पाठ थोपटल्यावर घरच्यांनाही आठवण झाली. १८४९ मध्ये तो म्युनिकला गेला आणि १८५२ मध्ये तिथल्या युनिव्हर्सिटीत प्रायोगिक भौतिकशास्त्राचा पूर्ण वेळ प्राध्यापक झाला. तरुणपणापासून हवी असलेली खुर्ची वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मिळाली. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ ला, तो म्युनिकमध्ये वारला.

नंतरचा सन्मान त्याने पाहिला नाही. १८८१ मध्ये पॅरिसला विजेवरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिथे रेझिस्टन्सच्या युनिटला ओहम हे नाव पक्कं झालं. व्होल्ट आणि अँपिअरही तिथेच ठरले. आणि गंमत म्हणजे इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिशने ओहमच्या चाळीसेक वर्षं आधी, स्वतःच्या अंगातून झटके घेऊन घेऊन, असाच नियम शोधून वहीत लिहून ठेवला होता. पण त्याने तो छापलाच नाही. मॅक्सवेलने त्याच्या वह्या १८७९ मध्ये प्रसिद्ध केल्या तेव्हा जगाला कळलं. म्हणजे शोध लावणं हे अर्धंच काम, तो नीट लिहून लोकांपुढे ठेवणं हे उरलेलं अर्धं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण परीक्षेत आपण सगळं ओहमच्या नावावर टाकतो. पॉवरचं सूत्र ओहमचं नाही. तारेत होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या आणि रेझिस्टन्सच्या प्रमाणात असते हे इंग्लंडच्या जेम्स जूलने १८४० च्या सुमारास प्रयोगाने दाखवलं. वॉट हे युनिट त्यानंतरचं. पण ओहमने जोर आणि अडथळा वेगळे केले नसते तर जूलला वर्ग कशाचा करायचा हेच कळलं नसतं.

पॉवर समजायला लांब जायची गरज नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात पाणी महालावरून नर-मादी धबधबा पडतो, तो बहुतेकांनी पाहिला असेल. बंधाऱ्याची उंची तीच राहते, पण चांगला पाऊस झाल्यावर पाणी जास्त येतं आणि धबधब्याचा जोर बघण्यासारखा असतो. उंची म्हणजे व्होल्टेज, दर सेकंदाला पडणारं पाणी म्हणजे करंट, आणि दोघांचा गुणाकार म्हणजे पॉवर. उंची भरपूर पण पाणी नाही, तरी पॉवर शून्य. डिसेंबरमधला ऑफ करंट!

आता हॉस्टेलचं गणित. समजा पाणी तापवायचा रॉड १५०० वॉटचा आहे, २३० व्होल्टसाठी बनवलेला. करंट १५०० भागिले २३०, म्हणजे साडेसहा अँपिअर. रेझिस्टन्स २३० भागिले ६.५२, म्हणजे सुमारे ३५ ओहम. संध्याकाळी व्होल्टेज १७० वर उतरलं. रॉड तोच, त्यामुळे ३५ ओहम जवळपास तेवढेच राहणार. करंट उतरून ४.८ अँपिअर, आणि पॉवर १७० गुणिले ४.८, म्हणजे ८२० वॉटच्या आसपास. व्होल्टेज पाऊण राहिलं, पण पॉवर निम्म्याच्या जवळ आली, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. १५ लिटरची बादली २० डिग्रीवरून ४५ वर न्यायला पूर्ण व्होल्टेजला साडेसतरा मिनिटं लागतील, तर १७० व्होल्टला बत्तीस मिनिटं, तेही वाया जाणारी उष्णता धरली नाही तर. बाथरूमबाहेरच्या रांगेचं शास्त्रीय कारण हे!

पण हे गणित डोळे मिटून सगळीकडे लावू नका. जुन्या १०० वॉटच्या पिवळ्या बल्बचा रेझिस्टन्स पेटलेला असताना ५२९ ओहम येतो, आणि थंड बल्ब मल्टीमीटरने मोजला तर त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी दिसतो. बल्बची तार तापली की रेझिस्टन्स वाढतो. ओहमचा नियम तापमान तेच असताना लागू पडतो, ही अट आपण व्हायव्हाला घाईत गिळून टाकतो. ओहमने उकळतं पाणी आणि बर्फ का वापरला हे लक्षात राहिलं तर ही अट पाठ करावी लागणार नाही.

मोटारीचं तर अजूनच उलटं आहे. आपल्यापैकी अर्ध्याहून जास्त जण शेतकऱ्याच्या घरचे. परंडा असो, भूम असो की लोहारा, विहिरीवरची मोटार जळणं म्हणजे काय हे सांगायला नको. पाण्याची पाळी चुकते, मोटार काढून दुकानात न्यावी लागते, रिवाइंडिंगचा खर्च होतो आणि पीक तोपर्यंत थांबत नाही. रॉडला व्होल्टेज कमी मिळालं तर करंटही कमी होतो. मोटारीला तेच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं असतं, म्हणून व्होल्टेज उतरलं की ती साधारणपणे जास्त करंट ओढते. ५ हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटार ४१५ व्होल्टला ८ अँपिअर घेत असेल, तर ३३० व्होल्टला १० च्या आसपास जाते. आता जूलचा वर्ग लावा. वाइंडिंगमधली उष्णता दीडपटीपेक्षा जास्त. इन्सुलेशन करपतं आणि मोटार जळते. लोक म्हणतात लाईट कमी आली म्हणून मोटार जळाली. नवख्याला वाटतं, कमी विजेने जळेल कशी? पण लोक बरोबर बोलतात.

आणि व्होल्टेज कमी होतं त्यात तारेचा किती हात असतो? ओहमचा पहिला प्रश्न आठवा: तार लांब केली की परिणाम किती कमी होतो? समजा डीपीपासून विहीर ५०० मीटर लांब आहे आणि ४ चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियमची वायर टाकली आहे. एका वायरचा रेझिस्टन्स येतो साडेतीन ओहम. ८ अँपिअर वाहिले तर थ्री फेजच्या हिशोबाने ४८ व्होल्ट वायरमध्येच संपतात, आणि तिन्ही वायरींत मिळून ६७२ वॉट नुसते तापण्यात जातात. जवळजवळ एक हॉर्सपॉवर पिकाला नाही, हवेला! तीच वायर १० चौरस मिलिमीटरची टाकली तर रेझिस्टन्स १.४ ओहम, व्होल्टेजमधली घट १९ व्होल्ट आणि नुकसान २७० वॉटच्या आत. जाड वायर महाग वाटते, पण हा हिशोब घरी कोणी करून दाखवलेला नसतो.

याच कारणाने वीज लांब न्यायची तर व्होल्टेज वाढवून नेतात. पॉवर तीच ठेवून व्होल्टेज दहापट केलं की करंट एक दशांश होतो, आणि तारेतलं नुकसान शंभरावा भाग. टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायला सुरुवात केली ती याच हिशोबावर. गावाबाहेर दिसणारे मोठे टॉवर म्हणजे ओहम आणि जूल यांचं उघड्यावर मांडलेलं गणित आहे.

न्यूरेंबर्गमध्ये ज्या संस्थेत ओहमने शिकवलं, तिच्या परंपरेतलं आजचं तंत्रशिक्षणाचं कॉलेज त्याच्याच नावाने ओळखलं जातं. त्याचे स्वतःचे विद्यार्थी मात्र बहुतेक साधे शाळकरी पोरं होते. त्यांना आपले गणिताचे सर सुट्टीत तारा मोजत बसतात एवढंच दिसत असेल.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलात की एक काम करा. शेतातल्या स्टार्टरच्या पेटीवर बहुधा व्होल्टमीटर आणि अँमीटर दोन्ही असतात. पेटी उघडू नका, कशाला हात लावू नका, फक्त काटे बघा. मोटार बंद असतानाचं व्होल्टेज लिहा, चालू झाल्यावरचं लिहा, करंट लिहा. सकाळी एकदा, लोड जास्त असतो तेव्हा एकदा, असे आठ दिवस. दोन व्होल्टेजमधला फरक म्हणजे वायरीत आणि लाईनमध्ये काय संपतं ते. मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरपेक्षा काटा सतत पुढे असेल तर वडिलांना, काकांना सांगा की मोटार जळायच्या वाटेवर आहे. रीडिंग जशी येतील तशीच लिहा, एखादं वेडंवाकडं आलं तरी. तेच रीडिंग कदाचित काहीतरी सांगत असेल.